हाताने एसएमडी सोल्डरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे एमआयडीसीतील एका गाळ्यात मी १८ वर्षांपासून इलेक्ट्रॉनिक बोर्डांची जोडणी आणि दुरुस्ती करतो. शनिवारी दुपारी काही जण हे काम शिकायला येतात. त्यांत ठाणे-ऐरोलीच्या महाविद्यालयांतली मुले-मुली असतात, आयटीआय झालेले असतात आणि वागळे इस्टेटमधून निवृत्त झालेले एखादे काकाही असतात. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असल्यामुळे उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे वाटले.

एसएमडी म्हणजे काय, आणि लहान म्हणजे नेमके किती लहान?

बोर्डाला भोक न पाडता पृष्ठभागावरच्या तांब्याच्या पॅडवर थेट बसतात त्या भागांना एसएमडी म्हणतात. जुन्या भागांच्या तारा भोकांतून पलीकडे काढून तिथे सोल्डर करत असत. इथे बहुतेक भागांना तारच नसते. दोन टोकांना कथिलाचा मुलामा असतो, आणि टोकाशी धरलेला सोल्डरचा, म्हणजे वितळवून सांधा जोडायच्या कथिलाच्या मिश्रधातूचा थेंब त्या भागाला वीजही पोहोचवतो आणि जागेवरही धरून ठेवतो.

रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) आणि कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) यांचे आकार चार आकडी संकेताने सांगतात. १२०६ हा ३.२ × १.६ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण तिळाएवढा असतो. ०८०५ हा २ × १.२५ मिलिमीटरचा, ०६०३ हा १.६ × ०.८ मिलिमीटरचा आणि ०४०२ हा १ × ०.५ मिलिमीटरचा असतो, आणि या शेवटच्याला खसखशीच्या दाण्याशेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नाही. हे संकेत इंचाच्या शंभराव्या भागावर बेतलेले आहेत. मिलिमीटरवर बेतलेली दुसरी पद्धतही चालते आणि तीत ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३ मिलिमीटर, म्हणून मागणी नोंदवताना कोणता संकेत धरला आहे ते पाहूनच घ्यावे. शिकणाऱ्याने ०८०५ पासून सुरुवात करावी. १२०६ फार सोपा पडतो आणि त्यावर हाताला चुकीच्या सवयी लागतात.

माझा हात थरथरतो आणि चष्माही आहे. मला हे जमेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा मनातून नकार गृहीत धरूनच आलेला असतो. हात सगळ्यांचाच थरथरतो. मनगट आणि कोपर टेबलावर टेकवले, चिमट्याच्या हाताची करंगळी बोर्डाच्या कडेला ठेवली की थरथर पुष्कळच कमी होते, कारण मग केवळ बोटे हलतात, दंड हलत नाही. शिवाय सोल्डर वितळलेले असताना त्याचा पृष्ठताण भागाला पॅडच्या मध्यावर ओढून आणतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी चूक पुष्कळदा आपोआप दुरुस्त होते.

डोळ्यांचे मात्र गांभीर्याने घ्यावे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि न दिसणाऱ्या वस्तूवर हात स्थिर ठेवता येत नाही. कपाळावर बांधायचे भिंग किंवा दिव्यासह येणारे स्टँडचे भिंग ०६०३ पर्यंत पुरते. त्याखाली दोन्ही डोळ्यांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक असलेला बरा, आणि ७ ते १० पट मोठे दिसणे त्यासाठी पुरेसे होते. त्याहून जास्त मोठे केले तर दृश्य इतके आक्रसते की चिमट्याचे टोक कुठे आहे तेच समजत नाही.

माझ्याकडे शिकलेल्या एका बाईंना सुरुवातीला पेलाभर पाणीही न सांडता धरता येत नव्हते. आज त्या ०४०२ चे काम माझ्यापेक्षा स्वच्छ करतात.

कोणते सोल्डरिंग आयर्न घ्यावे?

दोन पिनांचे, तापमान न दाखवणारे स्वस्त आयर्न या कामासाठी घेऊ नये. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की त्याचे तापमान कुणाच्याच ताब्यात नसते; रिकामे ठेवले की ते तापत राहते आणि जाड तांब्याला टेकवले की एकदम थंड होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्याला अर्थिंग नसल्यामुळे २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून थोडी गळती बिटावर, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर येते. हाताला कदाचित मुंग्या येण्याइतकीच ती जाणवते, पण नाजूक आयसी (अनेक पायांची चिप) तेवढ्याने बिघडू शकते.

तापमान ठरवता येणारे, तीन पिनांचे स्टेशन घ्यावे. ते आणल्यावर प्लग सॉकेटमधून काढलेला असतानाच मल्टिमीटरने बिट आणि प्लगची मोठी, म्हणजे अर्थिंगची पिन यांमधला रोध मोजावा. तो शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

बारीक कामाला सुईसारखे बिट लागते ना?

नाही. दुकानदारही हाच गैरसमज पसरवतात. सुईच्या टोकाशी धातूच इतका कमी असतो की उष्णता तिथपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच पॅड ती शोषून घेते आणि टोक थंड पडते. मग शिकणारा तापमान ४०० अंशांवर नेतो आणि पॅड उचकटते. साधारण १.५ ते २.५ मिलिमीटर रुंदीचे, पटाशीच्या आकाराचे चपटे बिट बहुतेक सर्व कामाला चालते. त्याची सपाट बाजू पॅडला लावली की उष्णता झटकन जाते, आणि कोपरा वापरला की ०४०२ चेही काम होते. आयसीच्या पायांसाठी तिरपे कापलेले बिट उपयोगी पडते.

तापमान किती ठेवावे?

शिसेयुक्त सोल्डरसाठी ३२० ते ३५० अंश सेल्सियस आणि शिसेविरहित सोल्डरसाठी ३५० ते ३८० अंश. सांधा एक ते दोन सेकंदांत भरला पाहिजे. तीन सेकंदांत भरत नसेल तर तापमान वाढवण्याआधी बिट स्वच्छ आहे का, त्यावर सोल्डरचा पातळ थर आहे का आणि पॅडला फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) लावला आहे का, हे क्रमाने पाहावे. दोष बहुधा या तिघांपैकी एकात सापडतो. पॅड ज्या गोंदाने बोर्डाला धरलेले असते तो गोंद अतिउष्णतेने सैल पडतो आणि ते ३५ मायक्रॉन जाडीचे तांबे एकदा उचलले गेले की पुन्हा बसत नाही.

ग्राउंडच्या, म्हणजे परिपथाच्या सामाईक ऋण बाजूच्या, मोठ्या तांब्याला जोडलेले पॅड मात्र याला अपवाद असते. तिथे उष्णता पसरून जाते, म्हणून बिट रुंद घ्यावे किंवा बोर्डाला खालून हलके तापवून घ्यावे.

कोणते सोल्डर वापरावे? शिसे असलेले चालेल का?

शिकण्यासाठी आणि स्वतःच्या वापराच्या बोर्डांसाठी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर सर्वांत सोयीचे. ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि त्याच अंशाला एकदम गोठते. ६०:४० चे सोल्डर बाजारात जास्त दिसते, पण ते घट्ट होताना काही क्षण ना द्रव ना घन अशा अवस्थेत राहते, आणि त्या क्षणी भाग हलला तर सांधा आतून भेगाळतो.

शिसेविरहित सोल्डरमध्ये बहुधा ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते आणि ते २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळते. युरोपीय महासंघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर मर्यादा घातली, त्यामुळे निर्यातीचे काम करणाऱ्या महापे आणि रबाळेच्या कारखान्यांत हेच वापरतात. तिथे नोकरी करायची असेल तर यावरही हात बसवणे भाग आहे. दोन्ही सोल्डरांसाठी बिटे मात्र वेगळी ठेवावीत.

तारेची जाडी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. दुकानात न सांगता मिळते ती २२ गेजची तार ०.७ मिलिमीटरची असते, आणि ०६०३ वर ती क्षणभर टेकवली तरी हवे त्याच्या कित्येक पट सोल्डर ओतले जाते. २६ किंवा २८ गेजची, म्हणजे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक तार मागून घ्यावी.

फ्लक्स एवढा महत्त्वाचा का मानतात? तारेच्या आत तो असतोच ना?

या कामात एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो आठवून पाहावा. भाता मारून तो भांडे तापवत असे, त्यात नवसागराची पूड टाकत असे, पांढरा धूर भसकन निघत असे, आणि मग कथिलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवून कापडाच्या बोळ्याने गर्रकन फिरवली की चंदेरी थर भांडेभर पसरत असे. भांड्याचा एखादा भाग काळपट राहिला किंवा पुरेसा तापला नाही, तर तिथे कथिलाचे मणी होऊन घरंगळत. नवसागर तांब्यावरचा गंज खाऊन टाकत असे आणि उघडे पडलेले तांबे कथिलाला धरत असे. सोल्डरिंगला आपल्या भाषेत झाळणे असा जुना शब्द आहे, आणि झाळणाऱ्याला व कल्हई करणाऱ्याला ठाऊक असलेले हे गुपित बोर्डावरही तसेच लागू पडते.

तांबे आणि कथील हवेत उघडे राहिले की त्यांवर ऑक्साइडचा पातळ थर येतो. वितळलेले सोल्डर त्या थराला भिजवत नाही. फ्लक्स तापला की तो थर विरघळवतो आणि सोल्डर खऱ्या धातूला जाऊन मिळते. तिथे कथील आणि तांबे यांच्या संयोगातून एका नव्या मिश्रधातूचा अतिपातळ पापुद्रा तयार होतो. सांध्याचे बळ त्या पापुद्र्यात असते. तो तयार झाला नाही तर वरून सोल्डर कितीही दिसले तरी ते पॅडवर नुसते टेकलेले असते.

तारेतला फ्लक्स पुरत नाही, कारण तो एक-दोन सेकंदांत जळून जातो आणि एसएमडीच्या कामात सोल्डर बहुधा आधी पॅडवर घालून मग पुन्हा वितळवावे लागते. त्या दुसऱ्या वेळी फ्लक्स शिल्लकच नसतो. म्हणून सिरिंजमध्ये मिळणारा जेलसारखा फ्लक्स किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ वेगळी लावावी. राळेचा फायदा असा की ती थंड असताना जवळजवळ निष्क्रिय असते आणि तापल्यावरच काम करते. नवसागर, झिंक क्लोराइड किंवा नळजोडणीची पेस्ट बोर्डावर कदापि वापरू नये. त्यांतले क्लोराइड मागे राहून तांबे खात बसते आणि काही महिन्यांत बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून तुटतात.

०६०३ चा रेझिस्टर प्रत्यक्ष कसा लावायचा?

वरचा पंखा बंद करावा. तो भागही उडवतो आणि सांधाही थंड करतो. बोर्ड अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि दोन्ही पॅडना फ्लक्सचा टिपका लावावा. आयर्न उजव्या हातात असेल तर उजव्या पॅडवर सोल्डरचा छोटा, चपटा उंचवटा करावा. डाव्या पॅडवर अजून काही घालायचे नाही.

आता डाव्या हातातल्या चिमट्याने रेझिस्टर मधोमध धरावा आणि पॅडच्या अगदी शेजारी बोर्डावर टेकवून ठेवावा. बिट उजव्या पॅडवरच्या उंचवट्याला लावावे. तो चकाकून द्रव झाला की रेझिस्टर बोर्डाला घासत आत सरकवावा. वरून खाली सोडू नये, बाजूने सरकवावा. सोल्डर रेझिस्टरच्या टोकावर चढताना दिसते. ते दिसले की बिट काढून घ्यावे आणि चिमटा आणखी एक सेकंद तसाच ठेवावा. नवशिके इथे घाई करतात. बिट आणि चिमटा एकदम उचलला की रेझिस्टर एका बाजूने वर राहतो.

मग भिंगातून आडव्या नजरेने पाहावे. रेझिस्टर बोर्डाला सपाट चिकटला असेल तर डावे टोक घ्यावे. बिट पॅड आणि टोक या दोघांना एकाच वेळी लागेल असे धरावे आणि तार समोरच्या बाजूने द्यावी. तार बिटाला लावू नये, तापलेल्या पॅडला लावावी. शेवटी उजव्या टोकाला थोडा फ्लक्स लावून ते एकदा पुन्हा वितळवावे, म्हणजे पहिल्या वेळी भाग बसवताना पडलेला ताण निघून जातो.

सांधा चांगला झाला हे कसे ओळखायचे?

सोल्डर पॅडपासून टोकापर्यंत आतल्या बाजूला वळलेल्या उतारासारखे दिसले पाहिजे. ते फुगलेल्या गोळ्यासारखे दिसत असेल आणि कडेला पॅडपासून सुटे वाटत असेल तर ते भिजलेले नाही. यालाच आपल्याकडे ड्राय सोल्डर म्हणतात. शिसेयुक्त सांधा चकचकीत असतो. शिसेविरहित सांधा थोडा मंद आणि दाणेदार दिसतो आणि तो दोष नव्हे, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण चांगले सांधे पुन्हा पुन्हा तापवून बिघडवतात.

कारखान्यांत यासाठी आयपीसी-ए-६१० हे मानक वापरतात. त्यात साधी उपकरणे, अखंड सेवेची उपकरणे आणि जिथे बिघाड चालतच नाही अशी उपकरणे, असे तीन वर्ग केले असून प्रत्येकासाठी कोणता सांधा स्वीकारावा याची चित्रे दिली आहेत. मल्टिमीटरचा बीप वाजला म्हणजे सांधा चांगला, असे समजू नये. नुसता टेकलेला सांधाही बीप देतो.

बारीक पायांची आयसी एकेक पाय जोडत बसायची का?

अर्धा मिलिमीटर अंतराच्या पायांवर एकेक सांधा करू गेल्यास शॉर्ट हमखास होतात. आयसी पॅडवर नीट जुळवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय आधी पक्के करावेत आणि चारही बाजू पुन्हा तपासाव्यात, कारण यानंतर सरकवणे अवघड होते. मग एका बाजूच्या सर्व पायांवर भरपूर फ्लक्स घालावा, तिरप्या बिटावर सोल्डरचा एक थेंब घ्यावा आणि तो पायांच्या टोकांवरून सावकाश ओढत न्यावा. फ्लक्स पुरेसा असेल तर सोल्डर ज्याच्या त्याच्या पॅडवर आपोआप वाटले जाते. शेवटच्या दोन-तीन पायांत थोडे अडकते. ते विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावे. विकलाही आधी फ्लक्स लावावा.

भाग उलटा लागू नये म्हणून काय पाहावे?

रेझिस्टरला दिशा नसते. डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) पट्टी असते ती कॅथोडची, म्हणजे ऋण टोकाची. ॲल्युमिनियमच्या गोल कॅपॅसिटरवरची काळी खूण ऋण टोकाची असते, मात्र टॅंटॅलमच्या चौकोनी कॅपॅसिटरवरची पट्टी धन टोकाची असते. या एका फरकाने अनेकांचे बोर्ड जळाले आहेत, कारण उलटा लागलेला टॅंटॅलम कॅपॅसिटर पेट घेऊ शकतो. एलईडीच्या खुणा प्रत्येक निर्मात्याच्या वेगळ्या असतात, म्हणून ती मल्टिमीटरच्या डायोड स्थितीत लावून पेटवून पाहावी.

रेझिस्टरवरचे आकडेही वाचायला शिकावेत. १०३ म्हणजे १० वर तीन शून्ये, अर्थात १० किलोओहम. लहान कॅपॅसिटरवर काहीच छापलेले नसते, त्यामुळे पट्टीतून काढलेला कॅपॅसिटर टेबलावर इतरांत मिसळला की मीटरशिवाय ओळखता येत नाही. एका वेळी एकाच किमतीचे भाग बाहेर काढण्याची शिस्त यासाठीच आहे.

सिरॅमिक कॅपॅसिटर लावताना वेगळी काळजी का घ्यायची?

तो आतून शेकडो पातळ थरांचा, चिनी मातीसारखा ठिसूळ असतो. तापलेले बिट थेट त्याच्या अंगाला लागले की एक भाग झटकन फुगतो, दुसरा थंड राहतो आणि आत तडा जातो. तो तडा बाहेरून दिसत नाही, त्या दिवशी बोर्ड चालतोही. पुढे दमट हवेत तडा वाढून कॅपॅसिटर शॉर्ट होतो. म्हणून बिट पॅडला आणि सोल्डरला लावावे, कॅपॅसिटरला नाही. एकदा काढलेला सिरॅमिक कॅपॅसिटर पुन्हा लावू नये. बोर्ड वाकवून तोडू नये, विशेषतः कडेला हे कॅपॅसिटर असतील तेव्हा.

लागलेला भाग काढायचा असेल तर?

दोन टोकांच्या भागाच्या दोन्ही बाजूंना थोडे जास्तीचे सोल्डर घालून बिट इकडून तिकडे पटापट फिरवावे. दोन्ही टोके एकाच वेळी द्रव झाली की भाग बाजूला सरकतो. ओढू नये. आयसी काढायला गरम हवेचा ब्लोअर लागतो. ब्लोअर वापरताना शेजारच्या भागांवर उष्णता सहन करणारी पिवळसर पॉलिइमाइड टेप लावावी.

आमच्याकडे पावसाळ्यात बोर्ड बिघडतात. सोल्डरिंगशी त्याचा संबंध आहे का?

आहे, आणि खाडीकाठच्या आपल्या भागात तो फारच आहे. जुलै-ऑगस्टात ठाणे आणि नवी मुंबईत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बोर्डावर उरलेला फ्लक्स ती ओल धरून ठेवतो आणि जवळच्या दोन पायांमध्ये न दिसणारी पायवाट तयार करतो.

काही वर्षांपूर्वी मी पाण्याच्या टाकीची पातळी ओळखणारे ४० बोर्ड करून दिले होते. मे महिन्यात सगळे तपासून, चालवून दिले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतले ११ परत आले. टाकी रिकामी असतानाही भरल्याचा दिवा लागत होता. त्या परिपथात एक मेगाओहमचा रेझिस्टर होता, आणि फ्लक्सच्या ओलसर डागातून होणारी गळती त्याच्याच तोडीची झाली होती. पाण्याने धुवावा लागणारा फ्लक्स मी न धुता सोडला होता. बोर्ड धुऊन, वाळवून, वर वॉर्निशसारखा संरक्षक थर दिल्यावर ते आजवर चालू आहेत. तेव्हापासून माझ्या गाळ्यातून एकही बोर्ड धुतल्याशिवाय बाहेर जात नाही, मग डबीवर धुण्याची गरज नाही असे लिहिलेले असो वा नसो.

राळेचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातब्रशाने निघतो. ब्रश फिरवल्यावर अल्कोहोल तसेच वाळू दिले तर डाग नुसता पसरतो. म्हणून ओले असतानाच स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे आणि दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलने धुवावे. ते सहज पेटते, तेव्हा त्या वेळी आयर्न बंद असावे. पॅड काळवंडू नयेत म्हणून कोरे बोर्ड आणि भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत ठेवावेत.

स्थिर विजेची भीती खरी आहे का?

खरी आहे. अंगावरून ठिणगी उडाल्याचे आपल्याला जाणवते तेव्हा ती सुमारे ३,००० व्होल्टची असते. काही आयसींना त्याच्या दहाव्या हिश्शानेही इजा होते आणि ती आपल्याला कळतही नाही. पावसाळ्यात हा धोका कमी असतो, पण एसीच्या कोरड्या खोलीत आणि सिंथेटिक कपड्यांत तो वाढतो. एक मेगाओहमचा रोध असलेला मनगटपट्टा अर्थिंगला जोडून घालावा. तो रोध आपल्या सुरक्षेसाठी असतो, म्हणून पट्ट्याऐवजी नुसती तार मनगटाला कधीही बांधू नये.

धूर आणि शिसे यांचा त्रास होतो का?

धूर शिशाचा नसतो. ३५० अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. धूर फ्लक्सचा असतो, आणि राळेचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला तर दमा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. तोंड थेट सांध्यावर नेऊ नये आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला धूर ओढून घेणारा छोटा पंखा ठेवावा. शिसे हातांवाटे पोटात जाते. डबा उघडण्यापूर्वी, चहाचा कप उचलण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. टेबलावर खाणे ठेवू नये. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया असलेल्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम मुळीच करू नये.

बिट काळे पडते आणि सोल्डर धरत नाही. कानशीने घासू का?

घासू नये. जुनी बिटे निव्वळ तांब्याची असत आणि ती कानशीने घासून पुन्हा धार काढत, त्यामुळे जुन्या कारागिरांना तशी सवय आहे आणि त्यांच्या काळी ती योग्यच होती. आजच्या बिटाला तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो गेला की सोल्डर आतले तांबे खाऊन बिटाला खड्डा पाडते. पितळी तारेच्या गोळ्यात बिट पुसावे, आणि बंद करण्यापूर्वी त्यावर सोल्डरचा भरपूर थर देऊन मगच बंद करावे. पुसून कोरडे करून ठेवलेले बिट दुसऱ्या दिवशी काळेच मिळते.

सामान कुठून आणावे?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की तिथून चालत जाता येते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. चिमटा तिथे हातात घेऊन, टोके उजेडात जुळतात का ते पाहूनच घ्यावा; रेझिस्टरची किंमत पैशांत असते, वाकड्या टोकांचा चिमटा मात्र रोज त्रास देतो.

पाय न दिसणाऱ्या आयसी हाताने लागतात का?

क्यूएफएन प्रकारच्या, पोटाखाली पॅड असलेल्या आयसी सोल्डर पेस्ट (सोल्डरची पूड आणि फ्लक्स यांचे मिश्रण) आणि ब्लोअरने लागतात. पोटाखाली पेस्ट कमीच घालावी, नाहीतर आयसी तरंगते आणि कडेचे पाय पॅडला लागत नाहीत. कथील-बिस्मथची १३८ अंशांना वितळणारी पेस्ट शिकायला सोपी आहे, पण तिचे सांधे ठिसूळ असतात, त्यामुळे आदळआपट होणाऱ्या वस्तूंत ती नको. बीजीएचे, म्हणजे पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेल्या आयसीचे काम आयर्नने होत नाही.

सराव कशावर करावा?

बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा बोर्ड घ्यावा. त्यावरचे २० रेझिस्टर काढावेत, पॅड विकने साफ करावेत आणि तेच रेझिस्टर पुन्हा लावावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावेत. एकाच पॅडवर चार-पाच वेळा काम केल्यावर ते कधी उचकटते याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज गिऱ्हाइकाच्या बोर्डावर घेण्यापेक्षा इथे घेतलेला बरा. वीजपुरवठ्याच्या बाजूचे मोठे कॅपॅसिटर मात्र आधी रिकामे झाले आहेत का ते मीटरने पाहावे.

सराव संपलेला बोर्ड, सोल्डर शोषलेली विक आणि तारेचे तुकडे घंटागाडीत टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जायला हवा. माझ्या गाळ्यात दाराशी त्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला आहे, आणि शनिवारी शिकायला येणारे घरचा असा कचरा त्यातच आणून टाकतात.